पाणी आलं ती रात्र ‘हॅपी’ नव्हती का?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची नाशिकची. गेली तीन वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीचं इंग्रजी माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात मुलांना ‘द हॅपिएस्ट डे ऑफ माय लाइफ’ या विषयावर सात-आठ वाक्यं लिहायला सांगितली. कुणी वाढदिवस लिहिला, कुणी नागपूरची सहल, कुणी घरात आलेला नवा मोबाईल. एका मुलानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे लिहिलं त्याचा अर्थ असा: ‘बाबांनी सरकी टोबली. मग पंधरा दिवस पाणी आलं नाही. आई म्हणाली, आता बियाण्याले पैसे नाहीत. मग एका रात्री पाणी आलं. बाबा आंगणात उभे राहून भिजले. आईनं चहा मांडला. आम्ही सगळे जागे होतो. तो माझा हॅपिएस्ट दिवस.’ (इथं सरकी टोबणं म्हणजे कपाशीचं बी लावणं, आणि पाणी म्हणजे पाऊस.)

मी खाली लाल शाईनं लिहिलं, ‘हे लक आहे, हॅपिनेस नाही. पुन्हा लिही.’ खरं सांगते, मला राग आला होता. इथं मी उठताबसता नशीब ऐकते. पोरगा नापास झाला, नशीब. मुलीची शाळा सुटली, नशीब. निदान या मुलांना तरी कळावं की आनंद आपण कमवायचा असतो, असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीचं कोरं पान समोर ठेवलं. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, माह्याजवळ दुसरा दिवस नाही.’

तेव्हापासून जिवाला चैन नाही. माझं चुकलं का? ‘हॅपी’ या शब्दाचा खरा अर्थ तरी काय? त्या मुलाला आता काय सांगू? त्याला दहापैकी गुण किती देऊ? आणि आणखी एक. रोज रात्री आई फोनवर विचारते, ‘खुश आहेस ना गं?’ मी हो म्हणते. ते खरं आहे का, हेच मला कळेनासं झालंय.

एक शिक्षिका

उत्तर

मॅडम, नमस्कार. गावात सगळे तुम्हाला याच नावानं हाक मारत असतील, म्हणून मीही तेच वापरते.

आधी शब्दाचं बघू, कारण तुमच्या लाल शाईच्या ओळीचा सगळा भार त्या एका शब्दावर आहे. तुमच्या विद्यार्थ्यानं ‘हॅपी’ हा शब्द त्याच्या सगळ्यात जुन्या अर्थानं वापरला आहे. त्याला ते ठाऊक असायचं कारण नाही. पण काही शतकं मागे गेलं तर जुन्या इंग्रजांनी त्याच्या वहीवर बरोबरची खूण केली असती.

नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या पूर्वेला आणि उत्तरेला येऊन वसले. आधी लुटायला आले, मग जमिनी धरून शेती करत राहिले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘हॅप’ म्हणजे दैव, त्यातही चांगलं दैव. शेजारीपाजारी राहता राहता हा शब्द इंग्रजीत उतरला. चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे त्यापासून ‘हॅपी’ हे विशेषण झालं आणि त्याचा अर्थ होता नशीबवान, दैव ज्याच्या बाजूनं आहे असा. माणूस मनातून प्रसन्न आहे की नाही, याच्याशी त्या शब्दाचं तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. आज आपण शिकवतो तो ‘आनंदी’ हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. ‘हॅपिनेस’ हे नामही त्याच शतकातलं. तेसुद्धा आधी ‘सुदैव’ म्हणून वापरलं गेलं आणि मग मनाच्या अवस्थेला लावलं गेलं.

या ‘हॅप’चं गणगोत तुम्ही रोज फळ्यावर लिहिता. ‘हॅपन’ म्हणजे घडणं, वाट्याला येणं. ‘परहॅप्स’ म्हणजे दैवानं घडलं तर, म्हणजेच कदाचित. ‘मिसहॅप’ म्हणजे दैव उलटलं, अपघात. ‘हॅपलेस’ म्हणजे दैवानं टाकलेला, बिचारा. ‘हॅपहॅझर्ड’मधला हॅझर्ड हा तर फाशांचा एक जुना खेळ. ही सगळी भावंडं आजही आपापल्या जुन्या अर्थाला धरून आहेत. एकट्या ‘हॅपी’नं घर बदललं, आणि तेही पुरतं बदललेलं नाही. ‘हॅपी कोइन्सिडन्स’ म्हणताना कोणी योगायोगाला हसू फुटलं असं म्हणत नसतं. तो योग नशिबानं जुळून आला, एवढंच म्हणत असतं.

आता सगळ्यांच्या मोबाईलवर येतं ते बघा. पोळ्याला ‘हॅपी पोळा’, दिवाळीला ‘हॅपी दिवाळी’. हे म्हणण्याला अर्थ येतो तो याच जुन्या मुळामुळे. जी गोष्ट संपूर्ण समोरच्याच्या हातात आहे तिच्यासाठी आपण शुभेच्छा देत नाही. ‘तुमचा स्वयंपाक होवो’ असं कोणी म्हणत नाही. शुभेच्छा द्यायची ती जे हातात नाही त्याच्यासाठी: पोळा चांगला जावो, बैलाला काही न होवो, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी मिळो.

हे एकट्या इंग्रजीचं नाही. जर्मनमध्ये ‘ग्ल्युक’ हा एकच शब्द नशिबालाही चालतो आणि आनंदालाही. लॅटिनमधलं ‘फेलिक्स’ म्हणजे सुखी, भाग्यवान, पण त्याआधी फळणारा, सुपीक. फळणाऱ्या झाडाला रोमन माणूस हेच विशेषण लावायचा. ग्रीकांचं ‘युडायमोनिया’ म्हणजे पाठीशी चांगलं दैवत असणं. फ्रेंच लोक आनंदाला ‘बॉनर’ म्हणतात. त्यातला ‘बॉन’ म्हणजे चांगला, आणि पुढचा भाग ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ आहे शकुन. रोममध्ये पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन सांगणारे अधिकृत पुरोहित असत, त्यांच्याच विद्येचा हा शब्द. म्हणजे चांगला शकुन झाला की आनंद.

तुमच्या गावात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. पावशा पक्षी ओरडला की ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय असं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. भोवती धान्यं ठेवतात, रात्रभर तिथं कोणी फिरकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य कुठं सरकलं ते पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. त्या भाकिताला विज्ञानाचा आधार नाही हे मी तुमच्या वर्गात उभी राहून सांगेन. पण पहाटे अंधारात तिथं उभा असलेला माणूस जे विचारत असतो तोच प्रश्न या युरोपीय शब्दांच्या पोटात आहे: यंदा माझ्या वाट्याला काय येणार?

आता तुमची बाजू. कारण तुम्ही लिहिलंत ते काही वावगं नव्हतं आणि त्यालाही मोठी परंपरा आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं एक प्रसंग सांगितलाय. लिडिया नावाच्या जुन्या राज्याचा राजा क्रीसस अपार श्रीमंत. अथेन्सचा शहाणा सोलोन त्याच्याकडे आला तेव्हा राजानं विचारलं, जगात सर्वांत सुखी कोण? आपलंच नाव येईल असं त्याला वाटत होतं. सोलोननं दुसऱ्यांची नावं सांगितली आणि म्हणाला, माणूस मरेपर्यंत त्याला सुखी म्हणू नये, फार तर नशीबवान म्हणावं. पुढे क्रीससचं राज्य इराणच्या सायरसनं जिंकून घेतलं. म्हणजे ‘हे लक आहे, हॅपिनेस नाही’ ही तुमची ओळ अडीच हजार वर्षं जुनी आहे. फरक एवढाच की सोलोनच्या लेखी सुखसुद्धा शेवटपर्यंत दैवाच्याच तावडीत होतं. कमवा आणि मिळवा असं त्यानं सांगितलं नव्हतं.

‘कमवा आणि मिळवा’ हा सूर त्या मानानं अलीकडचा. ४ जुलै १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशेजारी ‘हॅपिनेस’च्या शोधाचा हक्क लिहिला गेला. राजानं प्रजेच्या सुखाच्या आड येऊ नये यासाठी ते मोठंच पाऊल होतं. पण जी गोष्ट आपला हक्क होते ती हळूहळू आपली जबाबदारीही होऊन बसते. आज दुकानाच्या पाटीपासून मोटिव्हेशनच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं की आनंदी राहणं तुझ्या हातात आहे. त्यामागचं न बोललेलं वाक्य असं असतं की नसशील आनंदी तर कसूर तुझी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला हे वाक्य देऊ नका, मॅडम. त्याच्या घरात कसूर शोधायला बँक आहे, सावकार आहे, नातेवाईक आहेत. त्यात इंग्रजीच्या तासाची भर नको.

आणि आता जे मला तुम्हाला सर्वांत आधी सांगावंसं वाटत होतं ते. तुमची समजूत अशी दिसते की नशीब हा आपल्या गावाचा शब्द आहे, आणि कष्टानं कमावलेला आनंद हा इंग्रजीचा, शाळेचा, बाहेरच्या जगाचा. शब्दांचा इतिहास नेमका उलट आहे. ‘हॅपी’ दैवातून आला हे आपण पाहिलं. आपला ‘सुख’ कुठून आला? त्याबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत, पण त्यातलं एक मत फार जुन्या वापराला धरून आहे. ऋग्वेदात ‘सुख’ हे विशेषण रथाला लावलेलं आढळतं. ‘ख’ म्हणजे भोक, पोकळी. चाकाच्या मधलं, आस बसतो ते भोक नीट पाडलेलं असलं की तो रथ ‘सुख’, म्हणजे सहज चालणारा. ‘दुःख’ हा शब्द त्याच्यावरून त्याच्या उलट घडवलेला.

तुमच्या वर्गात ज्यांच्या घरी अजून बंडी, म्हणजे बैलगाडी, आहे अशी मुलं असतील तर त्यांना विचारा. भोक वाकडं पडलं किंवा वंगण संपलं की काय होतं ते ती सांगतील. बंडी चालते, पण कुरकुरते, आस झिजतो, बैलाच्या खांद्यावर भार येतो. म्हणजे या व्युत्पत्तीप्रमाणे आपलं सुख आभाळातून पडत नाही. ते सुताराच्या हातातून येतं आणि नंतर वंगणावर टिकतं. तुम्हाला मुलांना जे शिकवायचं होतं ते या मातीतल्या शब्दात होतंच. इंग्रजी शब्दाकडून ते मागितलंत, आणि तो बिचारा मुळात नशिबाचा निघाला.

(जाता जाता इंग्रजीचा आणखी एक शब्द सांगते, वर्गात मुलांना आवडेल. ‘सिली’, म्हणजे खुळा, याचा जुना अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘झेलिश’ आजही धन्य याच अर्थानं आहे. इंग्रजीत मात्र धन्य माणूस निष्पाप झाला, निष्पाप माणूस बिचारा झाला, बिचारा दुबळा झाला आणि दुबळ्याला लोकांनी खुळ्यात काढलं. शब्दांच्या वाट्यालाही असं येतं.)

आता त्या मुलाची वही पुन्हा वाचा. तिच्यात नुसतं नशीब आहे का? पहिलंच वाक्य आहे ‘बाबांनी सरकी टोबली.’ जमीन वखरून तयार केल्याशिवाय सरकी टोबली जात नाही. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. शेतकरी रोज आभाळ बघतो, वावरात मुठीनं माती दाबून ओल बघतो, शेजाऱ्यानं टोबली का ते बघतो. लवकर टोबली आणि पावसानं खंड दिला तर कोंब करपतात. उशिरा टोबली तर पुढे बोंडं भरायच्या वेळी ओल कमी पडते. बीटी सरकीचं अर्ध्या किलोपेक्षा कमी वजनाचं पाकीट आठशे-नऊशे रुपयांना पडतं. दुबार पेरणी म्हणजे तेवढा पैसा पुन्हा, आणि तो बहुतेक वेळा उसना. ‘बियाण्याले पैसे नाहीत’ हे त्या मुलानं ऐकलेलं वाक्य एवढ्या सगळ्यातून आलेलं आहे.

इतकं करून झाल्यावर जे उरतं ते पाणी. ते कोणाच्या हातात नाही. नशीब हा शब्दही मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ वाटा, हिस्सा. आपलं काम पुरं करून जो माणूस ‘आता नशीब’ म्हणतो तो आळशी नसतो. माझा हिस्सा मी घातला, उरलेला हिस्सा माझ्याकडे नाही, असा सरळ हिशेब तो मांडत असतो. त्याची गल्लत दुसऱ्या नशिबाशी करू नका. ‘पोरीच्या नशिबात शिक्षण नाही’ हे नशीब वेगळं. तिथं कोणीतरी निर्णय घेतलेला असतो आणि नशीब त्याच्यावर पांघरूण म्हणून टाकलेलं असतं. तिथं तुमचा राग योग्य आहे, तो तिथंच वापरा. मुलीच्या घरी जा, आईशी बोला, पुढच्या शाळेच्या एसटीच्या पासचं बघा, गरज पडली तर गावातल्या चार समजूतदार बायांना सोबत न्या. पाऊस पडल्याच्या आनंदावर तो खर्च करू नका.

त्या मुलाला काय सांगायचं ते विचारलंत. मोठं काही करू नका. वर्गासमोर माफी मागू नका, त्याला ते लाजवील. मधल्या सुट्टीत वही घेऊन त्याच्याजवळ जा, त्याच्या देखत ती लाल ओळ खोडा, आणि म्हणा, ‘हा शब्द मला नीट ठाऊक नव्हता. जुन्या इंग्रजीत हॅपी म्हणजे नशीबवानच होतं. तुझा दिवस बरोबर आहे.’ एवढंच. तो गप्प राहील किंवा ‘हो मॅडम’ म्हणून पळून जाईल. जाऊ द्या.

त्याचा निबंध परिपाठात वाचायला लावू नका. मला माहीत आहे, मन भरून आलं की शिक्षकाला असं करावंसं वाटतं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही टाकू नका. त्या सात-आठ वाक्यांत त्याच्या आईचे संपलेले पैसे आहेत. ते गावात कोणी बोलून दाखवावं की नाही हे त्या आईनं ठरवायचं. तुम्हाला कौतुक करायचंच असेल तर एका वाक्याचं करा, ‘आम्ही सगळे जागे होतो’ या. आपण हॅपी होतो असं न म्हणता ते दाखवणारं हे वाक्य आहे. सातवीतल्या मुलाला ते सुचलं, हे त्याला कळायला हवं. ‘अशी वाक्यं लिहीत जा’ म्हणा.

आणि त्याला एक शब्द द्या: ‘रिलीफ’. लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ ओझं उचलून हलकं करणं. त्या रात्री त्याच्या घरात जे झालं त्याला हा शब्द ‘हॅपी’पेक्षाही चपखल बसतो. ‘ग्लॅड’ही द्या. त्याचा जुना अर्थ होता चकाकणारा, उजळ. मुलांकडे आनंदासाठी एकच इंग्रजी शब्द असतो आणि मग वाढदिवस, मोबाईल आणि पाऊस सगळं एकाच डब्यात जातं. तीन-चार शब्द हाताशी आले की मुलं आपल्या दिवसाला योग्य ते नाव शोधू लागतात. एक तास यावर घाला. फळ्यावर ‘हॅप’ लिहा आणि त्याचं गणगोत मुलांना शोधायला सांगा. सातवीला हे जड नाही.

विषयाबद्दलही थोडं बोलते. ‘आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस’ हा विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, पण तो सरसकट द्यायचा विषय नाही, आपल्या भागात तर नाहीच. तुमच्या वर्गात एखादं मूल असं असू शकतं की ज्याच्या घरून वडील गेलेले आहेत, आणि कसे गेले हे गावाला माहीत आहे. त्याला सर्वांत आनंदाचा दिवस शोधायला लावणं म्हणजे त्या दिवसानंतर काय झालं हेही आठवायला लावणं. पर्याय द्या. ‘मी पाहिलेली एक सकाळ’, ‘आमच्या धुऱ्यावरचं झाड’, ‘घरातलं कोणतं काम मला चांगलं येतं’. ज्याला आनंदाबद्दल लिहायचंय तो यातही लिहील. कोणाच्या वहीत कधी जगणं नकोसं झाल्याची ओळ दिसली तर व्याकरण तपासू नका. त्या मुलाशी एकट्यानं बोला, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही नंबर वर्गाच्या दाराजवळ लिहून ठेवा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघू नका.

आता तुमचं. आई रोज विचारते ‘खुश आहेस ना’, आणि तुम्ही हो म्हणता. आईच्या या प्रश्नाला हो म्हणणं हे खोटं नव्हे. रात्री तिला झोप लागावी म्हणून दिलेलं ते उत्तर आहे. पण स्वतःला तोच प्रश्न विचारू नका, कारण त्याला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं आहेत आणि तुमचं खरं उत्तर दोन्हीत बसत नाही. तुम्ही घरापासून इतक्या लांब, एकट्या राहून, मुलाच्या एका वाक्यावर झोप उडेल इतक्या जिवानं शिकवता आहात. यात आनंद नाही असं मी म्हणणार नाही, आणि एकटेपणा नाही असंही म्हणणार नाही.

त्याऐवजी रथाच्या चाकाचा प्रश्न विचारा: कुठं घासतंय? एक कागद घ्या आणि लिहा. भाड्याची खोली का? रविवार का, ज्या दिवशी शाळा नसते आणि बोलायला माणूस नसतं? बोलीतले शब्द अजून पुरते कळत नाहीत आणि लोक हसतात हे का? बदलीच्या यादीत यंदाही नाव लागेल की नाही ही धाकधूक का? जे नेमकं घासतं तिथं वंगण घालता येतं. रविवारचा प्रश्न असेल तर शेजारच्या गावातल्या एखाद्या शिक्षिकेबरोबर तालुक्याच्या बाजाराला जाणं सुरू करा. बोलीचा असेल तर मुलांनाच गुरू करा. ‘पाणी आलं’ म्हणजे पाऊस आला, हे तुम्हाला आता ठाऊकच आहे. बदली मात्र त्या पावसासारखी आहे. अर्ज वेळेत आणि नीट भरणं हा तुमचा हिस्सा. बाकीची चिंता रात्री उशाला घेऊ नका.

आणि एखाद्या रात्री आईला ‘हो’ऐवजी थोडं खरं सांगून बघा. ‘आज बरं होतं, पण तुझी आठवण आली’ एवढं. तिला ते झेपेल. नाशिककडच्या आईला द्राक्षाच्या दिवसांतली गारपीट माहीत असते. वाट्याला काय येईल याची धास्ती काय असते, हे तिला तुम्ही शिकवायची गरज नाही.

राहता राहिले गुण. आठ द्या. आशयाचे, रचनेचे पूर्ण. दोन कापा ते क्रियापदांचे, कारण त्यानं ‘रेन कम’, ‘फादर स्टँड’ असं वर्तमानकाळात लिहिलं असणार. मोडकंतोडकं इंग्रजी म्हणालात, त्यावरून अंदाज करते. ते पेन्सिलीनं दुरुस्त करा, लाल पेनानं नको. ‘केम’ आणि ‘स्टुड’ शेजारी लिहा आणि त्याला दोन्ही वाक्यं भूतकाळात पुन्हा लिहायला सांगा. हे काम तो नक्की करील, कारण आता त्याला दुसरा दिवस शोधायचा नाही.